वावरातली पाखरं-जनावरं : आधी ओळखा, मग फोटोत टिपा



रानातल्या पाखरांचे आणि जनावरांचे फोटो काढणे हा शहरातल्या हौशी लोकांचा उद्योग, अशी आपली समजूत असते. "आम्ही वावरात राबावं का फोटो काढीत बसावं?" असे कोणीही विचारील, आणि विचारणे रास्तच आहे. पण जरा बघा. हौशी माणूस मोठा कॅमेरा घेऊन दोन दिवस येतो आणि जातो. आपण पेरणीपासून खळ्यापर्यंत रोज त्याच शिवारात असतो. पहाटे पाणी द्यायला आपणच जातो, रात्री जागलीला आपणच बसतो. रोह्यांचा कळप कोणत्या धुऱ्यावरून उतरतो, टिटवी कोणत्या वावरात अंडी घालते, पिंगळा कोणत्या लिंबाच्या ढोलीत राहतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? उणीव एवढीच, की पाहिलेले आपण टिपून ठेवीत नाही.

आता बहुतेक घरांत फोटो काढणारा मोबाइल आहे. ई-पीक पाहणीसाठी २०२१ पासून आपण पिकाचा फोटो काढतोच आहोत. त्याच मोबाइलने आणखी तीन कामे होतात. एक, पिकाचे नुकसान कोणी केले याचा पुरावा हाती राहतो. दोन, वावरात येणारे पाखरू आपल्या कामाचे की नुकसानीचे, हे नीट कळते. तीन, गावात उगीच उठणाऱ्या आवईला आळा बसतो. या तिन्ही गोष्टी साधायच्या तर थोडी पद्धत माहीत पाहिजे. तीच या पत्रकात दिली आहे.

आपल्या शिवारात कोण कोण आहे?

परभणी जिल्ह्यात मोठे जंगल नाही. तरी उत्तरेला जिंतूरकडचा डोंगरपट्टा, दक्षिणेला गंगाखेडकडची बालाघाटाची रांग, मधून गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या, शिवाय येलदरीसारखा मोठा जलाशय आणि गावोगावची गायराने, एवढे असल्यावर रानातल्या जिवांना जागा मिळतेच.

हरीण म्हणून आपण ज्याला ओळखतो ते बहुधा काळवीट असते. नर वरून काळा, पोटाला पांढरा, शिंगे पिळाची. मादी बदामी रंगाची आणि बिनशिंगाची. चिंकारा त्याहून लहान आणि तांबूस. त्याच्या शेपटीचा गोंडा काळा असतो व तो सारखा हलतो. रोही म्हणजे नीलगाय. तिचा नर राखी-निळसर, शिंगे आखूड. रानडुक्कर दिवसा उसात किंवा काट्यात पडून राहते आणि रात्री बाहेर निघते. याशिवाय ससा, साळिंदर, मुंगूस, कोल्हा, खोकड, रानमांजर असतात. माळाच्या बाजूला लांडगा आणि तरस, डोंगराच्या बाजूला बिबट्या.

पाखरांत पाहुणे पुष्कळ. पावसाळा सरता सरता भोरड्यांचे थवे येतात. त्यांनाच कोणी पळसमैना म्हणतात. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. मध्य आशियाकडून येऊन त्या आपल्याकडे हिवाळा काढतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. ज्वारी दाण्यावर आली की गोफण घेऊन माळ्यावर उभे राहावे लागते ते यांच्यामुळेच. पण हीच भोरडी नाकतोडे आणि टोळही खाते, हे विसरू नये. मोठ्या जलाशयांवर थंडीत चक्रवाक, नाना जातींची बदके आणि कधी पट्टकादंब हंस उतरतात. पट्टकादंब पांढुरका-राखी असून त्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हिमालय ओलांडून येणारे हे पाखरू आहे.

कामाची पाखरे कोणती?

आपल्याकडे वर्षभर राहणारी कित्येक पाखरे बिनपगारी सालगड्यासारखी राबतात. गायबगळा औतामागे फिरून अळ्या व किडे वेचतो. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून उडते किडे धरतो. साळुंकी आणि कोतवाल हरभऱ्यातली, तुरीतली घाटेअळी खातात. तास म्हणजे नीलपंख नाकतोडे टिपतो. तारेवर किंवा खांबावर बसणारी पांढरी-राखी, लाल डोळ्यांची कापशी पाहा. ती हवेत एका जागी पंख हलवीत थांबते आणि खाली सूर मारते, तो उंदरासाठी. रात्री तेच काम गव्हाणी घुबड करते. त्याला अपशकुनी समजून दगड मारणारा माणूस स्वतःच्याच धान्याच्या कणगीला उंदीर लावून घेतो.

म्हणून हरभऱ्यात आणि तुरीत एकरी आठ-दहा पक्षीथांबे लावा. मधल्या ओळीत ज्वारीचे किंवा मक्याचे थोडे दाणे पेरले तरी तेच काम होते. पाखरू बसायला जागा मिळाली की ते अळ्या वेचते. आणि ध्यानात घ्या, फोटो काढायलाही हीच जागा सगळ्यांत चांगली. पाखरू पुन्हा पुन्हा त्याच काठीवर येऊन बसते, आणि त्याच्या चोचीत अळी आहे की दाणा आहे हे फोटोत मोठे करून पाहता येते. आठवडाभर असे फोटो काढले, तर कोणत्या पाखराला हाकलायचे आणि कोणाला बसू द्यायचे, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

पाहावे कसे?

पहिली गोष्ट वेळेची. उजाडल्यापासून दोन तास आणि मावळतीपूर्वीचे दोन तास हे चांगले. दुपारी पाखरे सावलीला जातात, जनावरे दडतात आणि उन्हाच्या झळांमुळे लांबचा फोटोही थरथरल्यासारखा येतो. चैत्र-वैशाखात मात्र पाणवठ्यावर दुपारीही येणे-जाणे असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जनावराला आपण दिसण्याआधी आपला वास जातो. चिमूटभर धूळ हातातून सोडून वारा कुठून येतो ते बघावे. वारा जनावराकडून आपल्याकडे येत असेल अशा बाजूने बसावे.

तिसरी गोष्ट अंगावरच्या कपड्याची. पांढरे धोतर आणि टॉवेल कोसावरून दिसतो. वरून घोंगडी घेतली तर आपण ढेकळात मिसळून जातो.

चौथी गोष्ट चालण्याची. जनावराकडे सरळ रोखून बघत चालू नये. तिरपे चालावे, मधे थांबावे, खाली वाकून काही काम करत असल्यासारखे करावे. काळविटाला आणि रोह्याला बैलगाडीची आणि ट्रॅक्टरची सवय झालेली असते. पायी माणसाला पाहून जो कळप पळतो तो गाडीत बसलेल्या माणसाला पुष्कळ जवळ येऊ देतो. गाडी थांबवून, खाली न उतरता, तिथूनच फोटो काढावा.

पाचवी गोष्ट, बसून राहण्याची. मागे लागण्यापेक्षा वाट बघणे केव्हाही चांगले. धुऱ्यावर कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या करून लहानशी कोपी करावी आणि समोर मूठभर जागा मोकळी ठेवावी. दोन दिवस ती तशीच राहू द्यावी, म्हणजे पाखरांना तिची सवय होते. तिसऱ्या दिवशी अंधार असतानाच आत जाऊन बसावे. कोपीत शिरण्याआधी काठीने आपटून घ्यावी, कारण कडब्यात साप-विंचू असण्याचा संभव असतो.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४० या मापाची शेतावर पुरते. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर. भिंग जितके मोठे तितका उजेड जास्त. दुर्बिणीच्या डोळ्याला मोबाइलचे भिंग नीट चिकटवून धरले तर लांबचा फोटोही बऱ्यापैकी येतो. थोडा सराव लागतो, इतकेच.

फोटो काढावा कसा?

(१) आधी मोबाइलचे भिंग मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. हाताचा घाम आणि शेतातली धूळ बसून अर्धेअधिक फोटो त्यामुळेच धुरकट येतात.

(२) सूर्य आपल्या पाठीमागे ठेवा. तो समोर असला तर पाखरू नुसते काळे दिसते आणि रंग कळत नाही.

(३) हात हलू देऊ नका. मोबाइल धुऱ्यावरच्या दगडावर, फावड्याच्या दांड्यावर किंवा झाडाच्या खोडाला टेकवा. श्वास रोखून बटण दाबा.

(४) दोन बोटांनी चित्र मोठे करण्याचा मोह टाळा. साध्या मोबाइलमध्ये त्याने जनावर जवळ येत नाही, चित्र मात्र फाटते. आहे तसा फोटो काढा आणि नंतर नको तो भाग कापा.

(५) पडद्यावर पाखराच्या जागी बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा फांदीऐवजी पाखरावर नजर धरतो.

(६) एकच फोटो काढून थांबू नका. पहिला लांबूनच काढून ठेवा, मग दोन पावले पुढे जाऊन दुसरा. पाखरू उडाले तरी पहिला हातात राहतो. ओळखण्यासाठी समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे निरनिराळे फोटो उपयोगी पडतात. चोच, पाय आणि शेपटी दिसली पाहिजे.

(७) नुसता जीव मोठा दिसावा असा हट्ट नको. तो कोणत्या पिकात आहे, काय खातो आहे, हे दिसणारा फोटो शेतकऱ्याच्या जास्त कामाचा.

(८) घड्याळ, तारीख आणि ठिकाण मोबाइलमध्ये बरोबर आहे ना ते पाहा. कॅमेऱ्यात ठिकाणाची खूण चालू ठेवली की फोटोबरोबर जागाही नोंदली जाते. पुढे पुराव्याच्या कामी याचाच उपयोग.

ठसे वाचायला शिका

पुष्कळ जनावरे रात्री येतात. ती दिसत नाहीत, पण पाय उमटवून जातात. ओल दिलेल्या वाफ्यात, पाटाच्या गाळात आणि पांदीच्या फुफाट्यात ठसे चांगले दिसतात. सकाळचे कोवळे ऊन बाजूने पडते तेव्हा ठशाच्या कडेला सावली धरते. फोटो त्याच वेळी काढावा. मोबाइल ठशाच्या अगदी वर, सरळ धरावा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवावी. काडेपेटीची लांबी साधारण पाच सेंटिमीटर असते, त्यामुळे ठशाचे माप कोणालाही कळते. नुसत्या ठशाचा फोटो पाहून तो मांजराचा की बिबट्याचा हे सांगणे जाणकारालाही कठीण जाते.

बिबट्याचा ठसा गोलसर असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो नखे आत ओढून घेतो. रुंदी सहसा सात ते नऊ सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीपेक्षा बराच जास्त. रानमांजराचा ठसा तसाच, पण काडेपेटीपेक्षा लहान. कुत्रा, कोल्हा आणि लांडगा यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात आणि ठसा लांबट असतो. तरसाच्याही ठशात नखे दिसतात, शिवाय त्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा असतो. रानडुकराच्या खुराचे दोन भाग पुढे उमटतात आणि मऊ मातीत मागे दोन लहान टिंबे पडतात. रोह्याचा खूर लांबट आणि मोठा, काळविटाचा लहान आणि टोकदार.

लेंड्यांवरूनही कळते. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे तिथे ढीग साचतो. पिकावरची खूणही बोलते. रानडुक्कर जमीन उकरून भुईमूग खाते आणि उभे पीक लोळवते. रोही उभ्याने वरचे शेंडे आणि शेंगा ओरबाडतो. पोपट कणसावर बसून दाणे कुरतडतो आणि अर्धे खाली सांडतो. साळिंदर झाडाच्या बुडाची साल आणि मुळे कुरतडते.

ठशाचा फोटो हा आवईवरचाही उतारा आहे. एखाद्या गावात "बिबट्या आला" अशी हाकाटी होते, दोन दिवस कोणी शेतात जात नाही, पाण्याची पाळी चुकते. मग कळते की ते तरस होते किंवा रानमांजर. कधी तर दुसऱ्याच जिल्ह्यातला जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. आपण स्वतः काढलेला नाही आणि कोणी, कुठे, कधी काढला हे माहीत नाही, असा फोटो पुढे पाठवू नये. ठसा सापडला तर त्यावर पाटी किंवा घमेले पालथे घालून ठेवावे, फोटो काढावा आणि वनरक्षकाला दाखवावा. बिबट्याच असल्याचे ठरले तरी निदान काय काळजी घ्यायची ते नीट ठरवता येते. मुलांना एकटे पाठवू नये, पहाटे दोघा-तिघांनी मिळून बोलत जावे आणि गोठ्याला दार करून घ्यावे.

फोटोवरून किती गोष्टी कळतात याचा एक मोठा दाखला आपल्या मराठवाड्यातलाच आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याच्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात वाघ आला. पट्टे जुळवून पाहिल्यावर ते यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातले निघाले. मधला सगळा मुलूख पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि उसाचा. लोकांच्या शेतांमधून वाघ इतका लांब गेला, हे कळले ते फोटोंमुळे. असा कॅमेरा काही आजचा नाही. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्याने उत्तर भारतात सुमारे शंभर वर्षांपूर्वीच वाटेवर तार बांधून वाघाकडूनच त्याचा फोटो काढून घेतला होता.

नुकसानीचा फोटो : हे नीट वाचा

रोही, हरीण, रानडुक्कर, माकड, वानर यांनी पिकाचे नुकसान केले तर महाराष्ट्र शासनाच्या वनखात्याकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावे लागते. त्यानंतर वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसे येऊन पंचनामा करतात. नडते ते पुढे. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत ठसे पुसलेले असतात, पाऊस पडलेला असतो किंवा आपणच मोडलेले पीक गोळा करून बैलापुढे टाकलेले असते. मग "नुकसान जनावराने केले की वाऱ्याने?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

म्हणून नुकसान दिसल्या दिसल्या, काहीही न हलवता, या क्रमाने फोटो घ्या.

पहिला, लांबून. यात वावर आणि ओळखीची खूण, म्हणजे विहीर, झाड किंवा आखाडा, दिसली पाहिजे.

दुसरा, मध्यम अंतरावरून. किती भाग मोडला ते दिसले पाहिजे. चारही कोपऱ्यांतून एकेक घ्यावा.

तिसरा, जवळून. खाल्लेली शेंग, तुटलेले धाट, उकरलेली माती.

चौथा, ठसे आणि लेंड्या, शेजारी काडेपेटी ठेवून.

पाचवा, शक्य असेल तर प्रत्यक्ष जनावराचा, पण जिवावर उदार होऊन नव्हे.

शेजाऱ्याला बोलावून दाखवावे. गट नंबर, पीक, नुकसान झालेले क्षेत्र आणि तारीख कागदावर लिहावी. अर्जाबरोबर सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत द्यावी आणि अर्ज दिल्याची पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत पीक आहे तसे राहू द्यावे. शेळी, गाय किंवा बैल जनावराने मारला तर ४८ तासांच्या आत कळवावे आणि पंचनाम्याआधी ते मढे जागेवरून हलवू नये.

पीक विम्याबाबतही एक बदल आहे. वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत धरता येईल, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांच्या आत विम्याच्या अ‍ॅपवर ठिकाणाची नोंद असलेले फोटो घालावे लागतात. कोणते प्राणी आणि कोणते भाग यात बसतात ते राज्याने ठरवायचे आहे. तेव्हा आपल्या गावापुरते काय ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्या.

फोटोच्या नादात हे करू नका

आपल्या वावरात उभे राहून फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. अभयारण्यात मात्र लागते. पण कुठेही असलो तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहेच. या कायद्याने शिकारीचा अर्थ मोठा धरला आहे. जनावर मारणेच नव्हे, तर पकडणे, फास लावणे, पाठलाग करून हाकणे, पाखराची अंडी किंवा घरटी मोडणे, हेही त्यात आले. काळवीट, बिबट्या, लांडगा आणि मोर यांना सर्वांत वरच्या यादीत संरक्षण आहे. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे. तेव्हा मोटारसायकल काळविटांमागे पळवून चलचित्र काढणारी पोरे वेळीच आवरा. जीव तोडून पळालेले जनावर विहिरीत पडते किंवा तारेत अडकते.

घरट्याच्या जवळ जाऊ नका. फोटो चांगला यावा म्हणून फांदी बाजूला केली की पिलांवर ऊन पडते आणि कावळ्याला जागा कळते. टिटवी वावरात उघड्यावर अंडी घालते. पाळी घालताना चार काटक्या रोवून तेवढी जागा सोडा. महिनाभराचा प्रश्न असतो, आणि टिटवी किडेही खाते.

काळविटाचे किंवा सशाचे पिलू गवतात एकटे बसलेले दिसले तर ते सोडून दिलेले आहे असे समजू नका. आईच त्याला लपवून चरायला जाते आणि परत येते. आपण दया म्हणून घरी आणतो आणि त्यामुळेच ते आईला मुकते. लांबून फोटो काढा आणि निघून जा. ऊसतोडीत रानमांजराची किंवा बिबट्याची पिले सापडली तर तोड थांबवा, हात लावू नका आणि वनखात्याला कळवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ हा आहे.

सापाचा फोटो काढायला जवळ जाऊ नये. साप चावला असेल तर फोटोसाठी किंवा साप शोधण्यासाठी एक मिनिटही घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. पिलांसह असलेली रानडुकरीण, आग्या मोहोळ आणि बिबट्या यांच्यापासून लांब राहावे. रात्री जनावराच्या डोळ्यांवर झगझगीत उजेड पाडू नये.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नका. त्याने रोही मरतो, तसा पहाटे पाणी द्यायला गेलेला आपला भाऊही मरतो. हा कायद्याने गुन्हा आहे आणि घराचे वाटोळे आहे.

एक वही ठेवा

मोबाइल हरवतो, बिघडतो, भरतो. म्हणून बरोबर एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, गट, पीक, कोण दिसले, किती दिसले, काय करत होते, एवढे एका ओळीत लिहावे. घरातल्या शाळकरी मुला-मुलीला हे काम द्या, ती हौसेने करतील. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. हरभऱ्याला घाटे धरल्यावर कळप किती दिवसांनी उतरतो, कोणत्या बाजूने येतो, अंधाऱ्या रात्री जास्त येतो का, हे कळले की सबंध हंगाम जागण्याऐवजी नेमक्या दिवसांत, चार शेजाऱ्यांनी पाळी लावून जागल करता येते.

या वहीला गावापलीकडेही मोल आहे. माळढोक एके काळी दख्खनच्या माळांवर होता. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य केले, तरी आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. कोणत्या गावच्या माळावर तो कोणत्या साली शेवटचा दिसला, याची लेखी नोंद बहुतेक गावांत नाही. उद्या तणमोर, लांडगा, तास यांचे तसे होऊ नये. एखाद्या पाखराच्या पायात कडे किंवा गळ्यात पट्टा दिसला तर त्यावरची अक्षरे आणि आकडे फोटोत घ्या आणि वनखात्यामार्फत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पाखरांना कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढते.

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यात आयुष्य घालवलेले लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा. तेव्हा हरभऱ्याची पेरणी झालेली किंवा चाललेली असते आणि पाहुणी पाखरेही आलेली असतात. त्या आठ दिवसांत रोज सकाळी अर्धा तास आपल्याच धुऱ्यावर बसून किती जातींची पाखरे दिसतात ती मोजून पाहा. बहुतेकांना पंचविसाच्या वरच आकडा मिळेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

सकाळी लवकर, ऊन पाठीशी, वारा समोरून.
मागे लागू नका, बसून वाट बघा.
ठशाशेजारी काडेपेटी.
नुकसान झाले की आधी फोटो, मग आवराआवर.
तीन दिवसांच्या आत अर्ज, आणि अर्जाची पोच.
घरटे, पिलू आणि अंडी यांना हात नाही.
दिसले ते वहीत, तारखेसह.

बंधूंनो, रानातले जीव आपले पीक खातात हे खरे, आणि आपल्या पिकावरची कीड व उंदीर खातात हेही खरे. कोण काय खातो हे ज्याला माहीत आहे त्यालाच कोणाला हाकलावे, कोणाला ठेवावे आणि कोणाची भरपाई मागावी हे ठरवता येते. हे पत्रक वाचून झाल्यावर घरातल्या मुलांच्या हाती द्या, आणि उद्या पहाटे मोटार चालू करायला जाल तेव्हा मोबाइल आणि काडेपेटी दोन्ही बरोबर असू द्या.